पडताळणीचा फोन

कॉम्प्युटर ज्यानं शोधून काढला त्याला बायको नसावी, असं माझं पक्कं मत आहे. असती, तर एकच प्रश्न तीन-तीनदा विचारला की काय होतं हे त्याला घरातच कळलं असतं.

मी चिलरचा माणूस. मोठमोठ्या इमारती गार ठेवणारी जी यंत्रं असतात ती दुरुस्त करतो. एकोणीसशे सत्त्याऐंशीला मस्कतला उतरलो तेव्हापासून हेच काम. कागदपत्रं म्हटली की माझ्या अंगावर काटा येतो, आणि कंपनीला ते बरोबर माहीत असल्यासारखं दोन हजार आठ साली तिनं फर्मान काढलं. मेडिकल इन्शुरन्सचं कार्ड यापुढे ज्याचं त्यानं ऑनलाइन काढायचं. स्वतःचं काढायचं, बायको इथं असेल तर तिचंही काढायचं. आणि खाली एक ओळ होती: बायकोचं कार्ड झालं नाही, तर तिचा व्हिसा वाढवायचा कागद कंपनी देणार नाही.

मैनाचा व्हिसा पुढच्याच महिन्यात संपत होता.

मैना म्हणजे माझी बायको. आमचं लग्न एकोणनव्वदला झालं, माझ्या पहिल्या सुट्टीत. त्यानंतर अठरा वर्षं आमचा संसार म्हणजे दोन वर्षांनी दोन महिने. बाकी दिवस ती संगमेश्वराकडच्या आमच्या वाडीत आणि मी इथं. सुरुवातीला वाडीच्या दुकानातल्या फोनवर तिला बोलावून घ्यायचो. ती धापा टाकत यायची, आणि मग दुकानातली चार माणसं ऐकत असल्यामुळे "सगळं बरं हाय" याच्या पुढं काही बोलायची नाही. शेवटी मी फोरमन झालो, मुलगा अजिंक्य शिकायला पुण्याला गेला आणि कंपनीनं मला फॅमिली व्हिसा दिला. अल हैलला एका ओमानी घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या. मैना आली. चाळिशी उलटल्यावर आमचं लग्न खऱ्या अर्थानं सुरू झालं म्हणा ना. संध्याकाळी कामावरून आलो की दारातून कांद्याच्या फोडणीचा वास यायचा, आणि मी चपला काढायचं विसरून तिथंच उभा राहायचो. एवढं सुख उतारवयात मिळालं की माणूस कंजूष होतो. त्यातला एक दिवससुद्धा मला सोडायचा नव्हता.

म्हणून कार्डाच्या कामाला मी लगेच लागलो. मुस्तफाभाईचं अल खौदला युनिव्हर्सिटीजवळ टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. माणूस दापोलीकडचा, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. त्याची बायको साबेराभाभी मैनाला पहिल्या दिवसापासून धाकट्या बहिणीसारखी वागवायची. मैनाला घेऊन मी दुकानात गेलो. मुस्तफानं आमचे पासपोर्ट घेतले, बताके घेतले, म्हणजे इथली रहिवासी ओळखपत्रं, आणि ठकाठक बडवायला सुरुवात केली. मैनाचा फोटो चढेना. चढला तर पान बंद पडलं. पुन्हा पहिल्यापासून. मुस्तफा स्क्रीनला कोकणीत काय काय म्हणाला ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी एकदाचं झालं.

"खलास," तो म्हणाला. "आता भाभींच्या मोबाइलवर फोन येल."

"कसला फोन?"

"पडताळणीचा. त्यांचा माणूस विचारणार, नाव सांगा, नवऱ्याचा नाव सांगा, जन्मतारीख सांगा. भाभींनी सोताच्या तोंडानं सांगायचा. दोनदा चुकला तर तिसरी संधी देतात. तिसऱ्यांदा पण चुकला तर अर्ज बंद, पुढच्या सालापर्यंत."

आदल्या वर्षी कुणी तरी चुलतभावाच्या बायकोला स्वतःच्या बायकोच्या कार्डावर दवाखान्यात दाखवलं होतं म्हणे, त्यामुळे ही भानगड. एकानं शेण खायचं आणि बाकीच्यांनी तोंड धुवायचं. मला त्यात काही अवघड वाटलं नाही. स्वतःचं नाव सांगायला काय लागतं?

मैनाकडे पाहिलं तर तिचा चेहरा पांढराफटक.

तिनं आयुष्यात माझं नाव घेतलं नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, लग्नात उखाणा घेतला असेल. घेतला होता. घास भरवताना घेतला. पण तेव्हा वाजंत्री इतकी जोरात सुरू होती की मला शेवटचं "रावांचं" एवढंच ऐकू आलं. नंतर हळदीकुंकवाला बायकांनी धरलं तर एखाददुसऱ्या वेळी तिनं घेतला असेल, पण तेव्हा मी समुद्राच्या या बाजूला. आणि पुढं एका वर्षी तिनं तेही बंद केलं. वाडीतला जयप्रकाश दुबईला होता. त्याच्या बायकोनं हळदीकुंकवात उखाण्याबिखाण्याचा नाद न करता "जयप्रकाश, जयप्रकाश, जयप्रकाश, झालं समाधान?" असं हसत हसत म्हटलं. त्याच महिन्यात जयप्रकाश इमारतीच्या परांचीवरून पडून गेला. लोकांनी दोन आणि दोन मिळवले. मैनानं तर कायमचेच मिळवले.

तेव्हापासून बँकेत, पोस्टात, रेशनच्या दुकानात, कुणी विचारलं की ती कागद पुढे करायची आणि माझ्या नावावर बोट ठेवायची. स्वतःचं नावसुद्धा "मैना शिगवण" असंच सांगायची. आपल्याकडे बाईच्या नावाच्या मधोमध नवरा बसलेला असतो, आणि त्याच्यावरून ती उडी मारून जायची. पण फोनवर बोट कुठं ठेवणार?

पहिला फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. तिनं स्पीकर लावला. पलीकडे ओमप्रकाश नावाचा कुणी, आवाज तरुण आणि अगदी सभ्य.

"मॅडम, आपका पूरा नाम बताइए।"

"मैना शिगवण."

"पूरा नाम, मॅडम।"

"मैना शिगवण," ती पुन्हा तेवढंच म्हणाली.

"अच्छा, पति का नाम?"

"अजिंक्य का पप्पा," मैना म्हणाली.

"अजिंक्य? मॅडम, यहां अजिंक्य नहीं लिखा है।"

"वो लडका हाय."

"तो पति का नाम?"

मैनानं माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. ओमप्रकाशनं आणखी एकदा विचारलं, थोडा थांबला, आणि सॉरी म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या फोनच्या वेळी मी शहाणपणा केला. त्यानं "पति का नाम" विचारलं आणि तिचे ओठ नुसतेच हलले, तसा मी मागून ओरडलो, "रामकृष्ण! रामकृष्ण सोनू शिगवण!"

"सर, आप बीच में नहीं बोल सकते," ओमप्रकाश म्हणाला. "ये भी कॅन्सल करना पडेगा। अगली बार सर पास में न हों तो अच्छा है।"

फोन बंद झाला आणि मी भडकलो. जे तोंडाला येईल ते बोललो. "लोकांच्या बायका नवऱ्याला नावानं हाका मारतात! इथं, या गल्लीत, ती केरळची बाई अरे-तुरे करते! तिचा नवरा मेला का? चांगला ढेरी वाढवून फिरतोय! एक शब्द म्हणायला तुला एवढं जड होतंय, मग जा परत वाडीला! राहा पुन्हा दुकानातल्या फोनवर धावत!"

मैना रडली नाही. ताट उचललं, आत नेऊन ठेवलं, आणि परत येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"तुमाला वाटतं मना जायाचं हाय?" ती म्हणाली. "अठरा वर्सं. तुमी इकडं. उन्हात छपरावर चढताय, विजेत हात घालताय, मना काय कळतं? रात्री कुत्रा भुकला तरी छातीत धस्स व्हायचं. तुमच्यासाठी करण्यासारखं माझ्या हातात होतं काय? सांगा ना. पैसा तुमी पाठवायचात. घर तुमी बांधलंत. मी फक्त हे एक सांभाळलं. तुमचं नाव तोंडातून बाहेर पडू दिलं नाय. एवढंच माझ्याकडं होतं."

मी कसला मोठा, मला वाटत होतं समुद्रापलीकडून मीच तिला सांभाळतोय.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी तिलाही कधी सांगितली नव्हती. मला ते नाव ऐकायचं होतं. कार्डासाठी नव्हे. इथं मला कुणी रामकृष्ण म्हणत नाही. ओमानी साहेब "रामा" म्हणतो. मल्याळी सगळे "कृष्णन". पाकिस्तानी ड्रायव्हर "किशनभाई". मुस्तफा "शिगवणभाऊ". हजेरीवर नंबर. पूर्ण नाव, मधलं एकही अक्षर न खाता, एकच बाई घ्यायची, माझी आई. परसातून हाक मारायची ती नदीपर्यंत जायची. नव्व्याण्णवला ती गेली. मला तिकीट मिळेपर्यंत तिसरा दिवस झाला होता. त्यानंतर माझं नाव घेणारं माणूस जगात उरलं नाही. मैना होती, पण ती "अहो" म्हणायची. "अहो" गोड असतं, नाही कोण म्हणतो? पण "अहो" कुणालाही म्हणता येतं. कधी कधी छपरावर एकटा असताना मी माझंच नाव मोठ्यानं म्हणून बघायचो. वेडेपणा. आपल्या नावाला आपण हाक मारून काय होतंय?

त्यामुळे तो ओमप्रकाश जेव्हा "पति का नाम" विचारायचा, तेव्हा मी तिच्या तोंडाकडे असा बघत बसायचो की जणू परीक्षेचा निकाल लागणार आहे.

शुक्रवारी मुस्तफा आणि साबेराभाभी घरी आले. भाभींनी सांदणं करून आणली होती. मी सगळा प्रकार सांगितला. वाटलं, भाभी तरी मैनाला चार शब्द सांगतील. कसलं काय!

"मी तरी कुठं घेतंय यांचा नाव?" भाभी म्हणाल्या. "उजैरचे अब्बा म्हणतंय. माझी सास घेत नव्हती, तिची सास घेत नव्हती."

"पंचवीस वरसां झाली," मुस्तफा म्हणाला. "हिला माझा नाव माहीत हाय का, तेच मला ठाऊक नाय."

"माहीत हाय. दुवा मागताना अल्लाला सांगतंय ना. त्याच्या कानात सांगितला तर चालतो." भाभींनी मैनाचा हात धरला. "पण मैना, तू गेलीस तर मी हितं कोणाशी बोलू गो? जरा बघ काय तरी."

मैनानं सांदणाची ताटली बाजूला सरकवली. मग तिनं मुस्तफाला विचारलं, "भाऊ, फोन कदी येल ते आपल्याला ठरवता येतं?"

"येतो ना. वेबसाइटवर दिवस नि वेळ निवडायचा."

"आनि हे उद्या इब्रीला जातायत?"

"जातोय," मी म्हणालो. इब्रीच्या एका बाजारपेठेच्या इमारतीचा चिलर बंद करून खोलायचा होता. दोन-तीन दिवसांचं काम होतं.

"मग उद्याची दुपार सांगा त्यांना." मैनानं माझ्याकडे पाहिलं. "तुमी इब्रीला असताना मी घेईन. तुमच्या कानावर पडता कामा नये. कानावर पडलं तर तुमाला लागंल. लांब असलात तर, तर कदाचित नाय लागनार."

मुस्तफा हसला नाही. भाभींनी मान डोलावली, जणू हा कुठला तरी सर्वमान्य कायदाच होता. मी मात्र आतून पार खचलो. कार्ड होणार, ती राहणार, यापेक्षा मला काय हवं होतं? पण ज्या एका शब्दाची मी इतकी वर्षं वाट पाहिली, तो ती बोलणार होती एका परक्या पोराला. आणि मी तिथं असता कामा नये, ही अट होती. बरं, अट मला वाचवण्यासाठी. भांडणार तरी कुणाशी?

"चालेल," मी म्हणालो.

शनिवारी पहाटे निघताना तिनं मला डबा दिला, नेहमीपेक्षा मोठा. दही हातावर ठेवलं. गाडीपर्यंत आली. "छपरावर जपून," म्हणाली. "दुपारी तर मुळीच चढू नका."

आता चिलर छपरावर असतो, याला मी काय करू? पण "नाही चढत" म्हणालो. अशा वेळी खोटं बोलणं हा नवऱ्याचा धर्म आहे.

इब्रीपर्यंत रस्ता लांबलचक, दोन्हीकडे उघडे डोंगर. ड्रायव्हर किशनभाई किशनभाई करत त्याच्या पेशावरच्या गोष्टी सांगत होता आणि मी हूं हूं करत होतो. इमारतीवर पोहोचलो, चिलर बंद केला, पंप खोलला. हात काम करत होते. डोकं अल हैलला. दुपार झाली. बाकीची मंडळी जेवून सावलीत आडवी झाली आणि मी टाकीच्या सावलीला मोबाइल समोर ठेवून बसलो. तिनं नाव घेतलं असेल का? आत्ता घेत असेल का? एकदा मी चक्क कान देऊन ऐकलं. मधे सगळा डोंगर, सगळं वाळवंट, आणि मी मूर्खासारखा कान देऊन बसलेला. छपरावर नुसता वारा होता.

फोन वाजला. मस्कतचा अनोळखी नंबर.

"मिस्टर शिगवण? ओमप्रकाश बोल रहा हूं, इन्शुरन्स से।"

तिनं घेतलं नाही. तिसरी संधी गेली. मैनाची बॅग, विमानतळ, काचेपलीकडून हलणारा तिचा हात, सगळं मला दिसलं.

"फेल हुआ?" मी विचारलं.

"नहीं सर, हो गया। कार्ड बन जाएगा, टेन्शन की बात नहीं है।"

मी डोळे मिटले. मैना राहणार. मग मला वाटलं, पण मग हा का फोन करतोय?

"सर, ये असल में ऑफिस का फोन नहीं है," ओमप्रकाश जरा अडखळला. "मॅडम ने नाम बताया। फिर बहुत रोने लगीं। मैंने पूछा क्या हुआ। बोलीं, भैया, मैंने नाम ले लिया है, अब तुम जल्दी से उनको फोन लगाके देखो, वो ठीक है क्या। मैंने कहा, आप खुद लगा लीजिए। बोलीं, मेरी हिम्मत नहीं होती, उन्होंने नहीं उठाया तो?" तो थांबला. "तो सर, आप ठीक हैं ना?"

मी मोबाइल कानाला तसाच धरून टाकीला टेकलो.

"सर? हॅलो? सर?"

"ठीक हूं," मी घाईघाईनं म्हणालो. पोरगा घाबरला होता. "एकदम ठीक हूं। बैठा हूं।"

"थॅंक गॉड। उनको बता दूं?"

"नहीं, मैं बताता हूं। एक मिनट, भैया।" मला विचारायला लाज वाटत होती, पण विचारलं. "कैसे बोला उसने?"

"क्या, सर?"

"नाम।"

"जी, रामकृष्ण सोनू शिगवण। सब सही था।"

त्यानं ते वाचून दाखवल्यासारखं म्हटलं. "वैसे नहीं," मी म्हणालो. "उसने कैसे बोला?"

तो विचारात पडला. बिचारा प्रामाणिक होता. "धीरे से बोला, सर। जैसे कोई सोया हुआ हो पास में।"

"तुम्हारे यहां रेकॉर्ड होता है ना ये सब?"

"होता है, सर। लेकिन वो हम किसी को सुना नहीं सकते। सॉरी, सर।"

मी त्याचे आभार मानले. त्यानंही कसले तरी मानले. मग मी मैनाला फोन लावला. अर्धी रिंगसुद्धा झाली नसेल.

"अहो?"

"हं. मी बोलतोय."

पलीकडे नुसता श्वास. मग हुंदका. साबेराभाभींचा आवाज ऐकू आला, "बघ, हायत ना? सांगितला होता ना मी?"

"काय झालं नाय ना तुमाला?" मैना म्हणाली.

"काही नाही. धडधाकट आहे."

"खरं सांगा."

"अगं खरंच. डबा खाल्ला. कोलंबीचं सुकं तिखट झालं होतं."

"बोला अजून काय तरी."

"काय बोलू?"

"काय पण. थांबू नका. बोलत ऱ्हावा."

मग मी बोलत राहिलो. इब्रीचं ऊन सांगितलं. बाजारातल्या खजुराच्या ढिगांबद्दल सांगितलं. ड्रायव्हरच्या पेशावरच्या चुलत्याची गोष्ट सांगितली, जी मी सकाळी धड ऐकलीही नव्हती. मधे जरा थांबलो की ती "मग?" म्हणायची, आणि मी पुन्हा सुरू.

एकदा म्हण ना, मैना. फक्त एकदा, मला ऐकू दे. हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. आत्ता ताजं होतं ना ते तिच्या तोंडात, थोड्या वेळापूर्वी तर तिनं ते म्हटलं होतं. पण तिकडं माझा आवाज ऐकून ती जरा कुठं रडायची थांबली होती. मी तिला पंपाच्या फुटलेल्या सीलबद्दल सांगत राहिलो.